पाच सोंगं, एक यंत्र आणि विंचूरची तीनपाटी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाचा आला होता. नववीतला. मोबाईलवर एआयला हाताशी धरून लंडनच्या धुक्यात खुनाचा तपास करत बसला होता. एक हेर, एक डॉक्टर, एक घरमालकीण. हेराचे संवाद हा लिहिणार, बाकी सगळ्यांचे यंत्र लिहिणार. मी म्हटलं, "लंडन कशाला? आपलं विंचूर घे की." त्याने तिथल्या तिथे टाइप केलं : विंचूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव आहे, पाच माणसं आहेत, कर चालू.

यंत्राने केलं चालू. व्यापारी म्हणाला, "मी आपल्या कष्टांचा आदर करतो." शेतकरी म्हणाला, "धन्यवाद, आपण योग्य भाव द्याल याची मला खात्री आहे." हमालाने दोघांचं अभिनंदन केलं आणि आठ ओळींत सौदा मिटला. कांदा पोत्यांत भरून बैलगाडीवर आला होता आणि वर रणरणतं ऊन होतं. भाच्याने मोबाईल खाली ठेवला. "मामा, हे विंचूर नाही."

त्या वाक्याने आम्हाला चार दिवस कामाला लावलं. खेळता खेळता जे हाती आलं ते सांगतो. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो : गाव नीट मांडलं की माणसं बोलायला लागतात. माणसं कितीही भारी लिहा, गाव कच्चं राहिलं तर सगळी एका सुरात बोलतात.

चौफुली तिकडे, तीनपाटी इकडे

पहिली गंमत नकाशाची. आमचं विंचूर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं. 'विंचूर चौफुली' विंचुरात नाही, येवल्यात आहे. विंचूरकडे जाणारा रस्ता तिथे फुटतो म्हणून ते नाव. विंचूरच्या नाक्याला लोक तीनपाटी म्हणतात : एक रस्ता नाशिककडे, एक येवल्यावरून छत्रपती संभाजीनगरकडे आणि एक लासलगावकडे. यंत्राने नावावर विश्वास ठेवून चौफुली उचलली आणि विंचुरात आणून ठेवली. त्याची तरी काय चूक? नाव वाचून कुणालाही तसंच वाटेल. म्हणून यंत्राला द्यायच्या आमच्या कागदावरची पहिली ओळ रस्त्यांची झाली.

दुसरी ओळ थंडीची. महाराष्ट्र म्हटलं की यंत्र ऊन पाडतं. निफाड तालुक्याची थंडी त्याला सांगावी लागते. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्या येतात त्यांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा बहुतेक असतोच आणि त्या दिवसांत द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटतात. 'शेकोटी' एवढा एक शब्द कागदावर घातला आणि पुढच्याच फेरीत पात्रं हात चोळत, मफलर सावरत बोलायला लागली.

तिसरी ओळ महिन्याची, कारण महिना बदलला की कांदा बदलतो. डिसेंबरात येतो तो लाल कांदा, शेतातून थेट बाजारात. तो टिकत नाही. चाळीत साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मे महिन्यांत निघणारा. आमच्या यंत्राने 'चार महिने चाळीत जपलेला लाल कांदा' विकायला काढला होता. निफाडातल्या कुठल्याही पोराला हसू येईल असं ते वाक्य आहे, पण एकदा महिना आणि कांद्याची जात लिहून दिल्यावर यंत्राने ती चूक परत केली नाही.

चौथी ओळ बाजाराची. लासलगाव बाजार समिती १९४७ ची, विंचूर तिचं उपबाजार आवार. कांदा ट्रॉलीत मोकळा येतो, वाहनं रांगेत उभी राहतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनावरून दुसऱ्या वाहनाकडे सरकतो. अमावस्येला लिलाव बंद ठेवायची इथली प्रथा कित्येक वर्षांची होती. ही असली माहिती यंत्रापाशी आपोआप नसते आणि खेळाची चव सगळी हिच्यातच आहे.

आणि ज्यांना कांद्यापलीकडचं पात्र हवं असेल त्यांच्यासाठी : २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, त्यातून विंचूरला गोदावरी वाइन पार्क झालं आणि सांगली जिल्ह्यात पलूसला त्याचं भावंड, कृष्णा वाइन पार्क. एकाच गावच्या रस्त्यावर सकाळी कांद्याची ट्रॉली आणि संध्याकाळी वायनरीतून सुटलेला कामगार. गोष्टीला आणखी काय लागतं?

एलिझा ही आपल्या मंजुळेची बहीण

माणसासारखं बोलणारा पहिला गाजलेला प्रोग्राम १९६६ चा. अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी तो केला आणि नाव ठेवलं एलिझा. हे नाव आलं बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलं विकणाऱ्या एलिझा डूलिटलवरून. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणलं आणि भक्ती बर्वेंनी मंजुळा अजरामर केली. म्हणजे आज आपण ज्या चॅटबॉटशी बोलतो त्याची आद्य पूर्वज आणि आपली मंजुळा या एकाच नाटकाच्या लेकी. हे कळल्यावर भाचा मंजुळा कोण ते शोधायला गेला आणि तासभर यूट्यूबवरच राहिला. मला फार बरं वाटलं.

एलिझा करायची काय? समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायची, मानसोपचारतज्ज्ञासारखी. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तर तिच्याशी बोलायला लागल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. हा प्रोग्राम आहे हे तिला पुरतं माहीत होतं, तरीही! वायझेनबाउम या प्रसंगाने हादरले आणि पुढची कित्येक वर्षं यंत्रावर असा जीव टाकण्याविरुद्ध लिहीत-बोलत राहिले. आमच्या घरी यातून एक नियम झाला. सोंगातलं पात्र आपल्याला सल्ला द्यायला लागलं की खेळ थांबवायचा. सल्ल्याला आई आहे, मामा आहे, मित्र आहेत.

रागाला आकडा

१९७२ मध्ये एलिझाला बोलायला एक जोडीदार मिळाला. स्टॅनफर्डच्या केनेथ कोल्बी यांचा 'पॅरी', सगळ्यांवर संशय घेणारा रुग्ण. त्याच वर्षी दोघांची संगणकांच्या जाळ्यावरून गाठ घालून देण्यात आली. माणूस मध्ये न येता दोन यंत्रपात्रं आपसांत बोलली, तेव्हाची ही गोष्ट.

पॅरीची खरी मजा त्याच्या पोटात होती. राग, भीती आणि अविश्वास यांचे तीन आकडे. समोरचा काय बोलतो त्यावर ते वर-खाली व्हायचे आणि त्यावर उत्तर ठरायचं. ही युक्ती आजही लागू पडते. आम्ही व्यापाऱ्याला 'घाई ७, राग २' दिलं आणि प्रत्येक फेरीनंतर आकडे बदलायला सांगितले. तो एकदम माणसात आला.

एका गळ्यात बावन्न

एकच यंत्र पाच जणांचं बोलतं याचं भाच्याला फार आश्चर्य. मी त्याला लक्ष्मण देशपांड्यांचं नाव सांगितलं. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये हा एकटा माणूस ५२ पात्रं उभी करायचा. विंचूरच्या तीनपाटीवरून रस्ता ज्या छत्रपती संभाजीनगरकडे जातो, तिथले ते. रंगमंचावर ना सेट, ना कपडे बदलायची उसंत. मान किती वळली, आवाज कुठून आला, कुणी कुणाला काय हाक मारली, एवढ्यावर प्रेक्षकाला कळायचं कोण बोलतंय.

यंत्राला हीच ताकीद द्यावी लागते. प्रत्येकाची एक हाक, एक लकब आणि एक न बोलायची गोष्ट. आमचा लिलाव पुकारणारा आकड्यांशिवाय तोंड उघडत नाही. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर प्रत्येक वाक्यात दुसऱ्या खेपेचा विषय काढतो. नाव झाकलं तरी संवाद ओळखू आला पाहिजे, ही परीक्षा.

विष्णुदासांनी हे १८४३ मध्येच केलं होतं

आता माझा आवडता भाग. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. पण त्या नाटकाचा घाट कसा होता हे फार कमी जणांना माहीत असतं. पद्यं लिहिलेली होती, ती सूत्रधार गायचा. प्रसंग कुठे घडतोय, कोण आलंय, काय होणार आहे हे त्या गाण्यातून कळायचं. आणि पात्रं? ती त्यावर आपल्या मनाने गद्यात बोलायची!

सूत्रधार प्रसंग बांधून देतो, नट त्या चौकटीत उत्स्फूर्त बोलतात. एआयला आपण जो सुरुवातीचा मजकूर देतो, ज्याला सगळे प्रॉम्प्ट म्हणतात, तो म्हणजे या सूत्रधाराचं पद्य. अमेरिकेत १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. त्यात टेबलाभोवती बसलेल्या मंडळींना एक जण जग समजावून सांगतो आणि बाकीचे आपापलं पात्र होऊन बोलतात. २०१९ मध्ये निक वॉल्टन या विद्यार्थ्याने 'एआय डन्जन' काढलं आणि ती समजावून सांगायची जागा यंत्राला दिली. हे सगळं मला मान्य आहे, मोठंही आहे. पण सूत्रधार आम्हाला नवा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

त्या जुन्या पौराणिक नाटकांत राक्षस तलवार परजत आरोळी ठोकत यायचा. त्या आरोळीवरून या नाटकांना 'अललडुर्र' असं नावच पडलं. पात्र दिसायच्या आधी आवाजावरून कळावं, याचा इतका सोपा नमुना दुसरा नाही.

कोकणातल्या दशावताराला तर आजही लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, सोंगं वाटली जातात आणि संवाद रात्रभर रंगमंचावर जन्माला येतात. तमाशातली बतावणी हजरजबाबीपणावर चालते. १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा' मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडी वाटेल तशा घुसवायचे आणि वसंत सबनीसांचा वग दर खेपेला नवा व्हायचा. आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडे बोहाड्यात मुखवटा चढवून सोंग नाचायला लागलं की शेजारचा ओळखीचा माणूस पुसून जातो. ज्यांच्या मागे हे सगळं उभं आहे त्या पोरांनी लंडनचा हेर उसना आणायचा? माझ्याच्याने बघवत नाही.

पार्टीला आले पाच

२०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि गुगलच्या संशोधकांनी 'स्मॉलव्हिल' नावाचं एक खेळण्यातलं गाव केलं आणि त्यात २५ यंत्रपात्रं सोडली. प्रत्येकाचा स्वभाव, ओळखीपाळखी आणि काम एका परिच्छेदात लिहिलेलं. त्यातल्या इझाबेला नावाच्या कॅफेवालीच्या मनात एवढंच घातलं की तिला व्हॅलेंटाइन डेची पार्टी द्यायची आहे. बाकी कुणाला काही सांगितलं नाही. तिने एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला, कुणी कॅफे सजवायला मदत केली. १२ जणांना आमंत्रण गेलं, आले ५. न आलेल्यांपैकी तिघांनी कामाची सबब सांगितली. उरलेले चौघं 'हो, येतो की' म्हणाले आणि आलेच नाहीत! हे वाचताना मला आमच्या भावकीतली निम्मी लग्नं आठवली.

त्या गावात घोटाळाही झाला तो गावाच्या मांडणीतला. वसतिगृहात न्हाणीघर एकाच माणसापुरतं होतं, पण वसतिगृहाचं म्हणजे मोठंच असणार असं धरून पात्रं आत कुणी असतानाही शिरायची. दुकान संध्याकाळी बंद होतं हे न कळून बंद दुकानात जायची. बोलणं इतकं सभ्य की नवरा-बायकोही औपचारिक बोलायची. आमच्या व्यापाऱ्याने कष्टांचा आदर का केला, ते मला इथे कळलं. यंत्राचा मूळ स्वभावच होकाराचा. भांडण हवं तर ते मागावं लागतं. प्रत्येकाला दुसऱ्याच्या आड येणारी एक गरज द्यावी लागते.

कोणाला काय ठाऊक नाही

यंत्र अख्खा कागद वाचतं, त्यामुळे एकाचं गुपित दुसऱ्याच्या तोंडून सांडतं. आमच्या तिसऱ्या खेपेला व्यापारी शेठ आमच्या शेतकरी नानांना सरळ म्हणाला, "नाना, तुमचा ट्रॅक्टर भाड्याचा आहे." त्याला कळायचं काही कारणच नव्हतं. मग आम्ही प्रत्येक पात्राखाली 'याला माहीत नाही' अशी ओळ घातली.

या ओळीचं मोल विंचूरच्या इतिहासातच सापडतं. सरदार विंचूरकर घराण्याचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव, आडनाव दाणी. १४ जानेवारी १७६१ ला ते पानिपतावर होते आणि तिथून जिवंत परतलेल्या सरदारांत होते. पानिपतची खबर खुद्द पेशव्यांपर्यंत पोचायला दिवस लागले. त्या दिवसांत इकडे त्यांच्या वाड्यावर वाट बघणाऱ्यांना काय ठाऊक होतं? या एका प्रश्नावर अख्खा खेळ उभा राहतो. यंत्राला एवढंच बजावायचं की वाड्यातल्या कुणालाही लढाईचा निकाल माहीत नाही.

दुसरा प्रसंग पुण्याचा. सदाशिव पेठेतल्या विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळक राहायचे. १८९२ मध्ये मुंबईहून येताना रेल्वेत भेटलेला एक तरुण संन्यासी त्यांच्याकडे आठ-दहा दिवस मुक्कामाला होता. नाव विचारलं तर 'संन्यासी' एवढंच सांगायचा. पुढच्या वर्षी शिकागोची सर्वधर्म परिषद गाजली आणि पुढे कधीतरी वर्तमानपत्रांतून टिळकांच्या लक्षात आलं की ते स्वामी विवेकानंद असणार. नाव नसलेलं पात्र खेळात किती वजन आणतं ते इथे बघा. मात्र अशा थोरांच्या तोंडी यंत्राने घातलेली वाक्यं खरी म्हणून पुढे पाठवायची नाहीत. आम्ही संन्याशाला आणि टिळकांना बोलायलाच लावलं नाही. वाड्यातला एक पाणक्या आणि एक शेजारचा विद्यार्थी पाहुण्याबद्दल कुजबुजतात, एवढाच खेळ केला. तसंच आजच्या गावातल्या खऱ्या माणसांची नावंही घातली नाहीत, कारण ज्याला याचा पत्ताच नाही त्याच्या तोंडी शब्द घालायचा आपल्याला हक्क नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. यंत्र मजकुराचे तुकडे करून वाचतं, त्यांना टोकन म्हणतात. बऱ्याच यंत्रांत देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणून लांबलेल्या मराठी खेळात त्याची आठवण लवकर भरते आणि सुरुवातीचं निसटायला लागतं. उपाय सोपा : दर फेरीअखेर पाटी लिहायला लावायची. वाजले किती, बोली किती, कोण कुठे उभं.

चौथ्या दिवशीचा कागद

शेवटी आमचा कागद थोडक्यात असा झाला :

*विंचूर उपबाजार. डिसेंबरअखेर, सकाळचे साडेनऊ, कडाक्याची थंडी. ट्रॉलीत मोकळा लाल कांदा. एका ट्रॉलीला दोन मिनिटं.*

*नाना : शेतकरी, साठीचे. ट्रॅक्टर भाड्याचा; माल परत नेला तर भाडं अंगावर. हे फक्त बाळूला माहीत.*

*शेठ : व्यापारी. दोन ट्रक आजच भरायचेत, दुसरा अर्धाच भरलाय. हे नानांना माहीत नाही.*

*पुकारणारा : फक्त आकडे.*

*बाळू : ड्रायव्हर, बावीस वर्षांचा. दुपारची खेप चुकायला नको.*

*शेवंताबाई : शेठच्या खळ्यावर कांदा निवडते. ट्रक रोज डोळ्यांनी बघते. नानांच्या गावची.*

*कुणी कुणाचे आभार मानायचे नाहीत. एका वेळी एक-दोन वाक्यं. नानांचं आम्ही लिहू.*

खेळ सुरू झाला. पुकारणारा अकराशेवर अडकला. शेठने ट्रॉलीतून दोन कांदे उचलून एकमेकांवर घासले. "नाना, पत्ती सुटलीय. अकराशेच्या वर नाही."

बाळू म्हणाला, "शेठ, काय ते लवकर बोला. मला दुसरी खेप आहे."

आता नानांनी काहीतरी बोलायला हवं होतं. भाच्याची बोटं थांबली. मग त्याने एवढंच टाइप केलं : नाना गप्प राहतात.

मला वाटलं खेळ इथे बसला. पण पात्रांना मोकळी जागा मिळाली होती. पुकारणाऱ्याने अकराशे दुसऱ्यांदा म्हटलं. बाळूने ट्रॅक्टरच्या चाकाला लाथ मारली. आणि मग खळ्याच्या बाजूने, टोपलं कमरेवर घेऊन चाललेली शेवंताबाई थांबली.

"शेठ, तो मागचा ट्रक कधी भरायचा मग? आम्ही बायका सकाळपासून बसून आहोत."

शेठने तिच्याकडे बघितलं. नानांनीही बघितलं. पुकारणाऱ्याने मान वर केली. "बाराशे... बाराशे एक्कावन्न..."

*पाटी : वाजले ९.५२. बोली तेराशे एकवीस. बाळू ट्रॅक्टरवर चढला. शेवंताबाई खळ्यावर परत गेली. नाना अजून गप्प.*